सेनापतीची उंची

छंद आणि बचत यांचा तोल कसा राखावा हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. मी फी घेणार नाही. चहा मात्र त्याने पाजायचा.

मला जपानी अ‍ॅनिमे मालिकांमधल्या पात्रांच्या फिगर जमवायचा नाद आहे. फिगर म्हणजे काय ते आमच्या घरात एका शब्दात सांगतात: बाहुल्या. हा शब्द मला लागतो. बाहुलीचे केस विंचरतात, तिला अंघोळ घालतात. फिगरला हात लावण्याआधी आपणच अंघोळ करायची असते. पण हे समजावून सांगायला गेलं की समोरचा माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघतो आणि मग, वय विचारावं की नाही अशा विचारात पडतो. विचारायला हरकत नाही. एक्केचाळीस.

तर तोलाबद्दल. माझा नियम साधा होता. जेवढ्याची फिगर घ्यायची, तेवढेच पैसे त्याच दिवशी बँकेत टाकायचे. चार वर्षं मी हा नियम पाळला. कपाटात एकोणीस फिगर जमल्या आणि बँकेतही बरे पैसे जमले. यावर बायकोचं म्हणणं, "फिगर घेतल्या नसत्यास तर बँकेत दुप्पट असते." ती वाचनालयात काम करते. दिवसभर लोकांकडून उशिराचा दंड वसूल करून तिचा स्वभाव असा झालाय. एरवी मनाने चांगली आहे.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. खाली सुतारकामाचा कारखाना. सकाळी आठला करवत सुरू झाली की माझ्या एकोणीसच्या एकोणीस जणी कपाटात थरथरायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या खांद्यांवर भुसा साचतो. स्वयंपाकघराला खिडकी नाही. बायकोने खिडकी असलेलं एक घर बघून ठेवलं होतं. त्याचा नकाशा ती पर्समध्ये घडी करून बाळगायची. इतक्या वेळा उघडून बघितलेला, की घडीवर कागद फाटायला आला होता. अडचण एवढीच होती की सुरुवातीला भरायची रक्कम आमच्याकडे निम्मीच जमणार होती.

उरलेली निम्मी द्यायला सासरे तयार झाले. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हे खात्याला कळलंय, त्यांना अजून नाही. दुकानात किलोभर साखर घेतली तरी ते घरी आणून स्वतःच्या तराजूत घालतात, आणि चार ग्रॅम कमी भरली तर परत जातात. चार ग्रॅम जास्त भरली तरी परत जातात. असल्या माणसाने आम्हाला समोर बसवून अट घातली.

"वर्षभरात तुम्ही जेवढे बाजूला टाकाल, तेवढेच मी घालीन. एकास एक. पण या वर्षात तुमच्या घरात एकही नवी बाहुली येता कामा नये. आली, तर माझा शब्द रद्द."

"बाबा, फिगर," मी म्हणालो.

"जे काय असेल ते," बाबा म्हणाले.

मी कबूल केलं, आणि अकरा महिने खरोखर शब्द पाळला. या अकरा महिन्यांत मी काय काय सोसलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की एकदा मी दुकानाच्या काचेला कपाळ लावून इतका वेळ उभा राहिलो, की आतल्या बाईंनी बाहेर येऊन काच पुसली.

आणि मग बाराव्या महिन्यात ती आली. तिसऱ्या चंद्राची सेनापती! ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांना काय सांगू. निळे केस, डाव्या खांद्यावर चिलखत, एक गुडघा किंचित वाकवून तलवार उपसण्याच्या तयारीत. मोजकेच नग काढलेले, प्रत्येकाच्या तळाला नंबर. महिनाभर थांबलो असतो तर संपली असती.

आता, मी काही बेजबाबदार माणूस नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचं माप आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यावर कवळी तयार करून परत पाठवतो. तातडीचं काम असलं की वरचे पैसे मिळतात. त्या महिन्यात तीन तातडीची कामं मी केली आणि ते पैसे लॅबमधल्या माझ्या खणातच ठेवले. जे पैसे घरात आलेच नाहीत ते घरचे कसे? तरी मी तेवढीच रक्कम बँकेतही टाकली. नियम म्हणजे नियम.

सेनापती घरात येणं शक्यच नव्हतं. म्हणून पत्ता लॅबचा दिला. ती आली. मी हात धुतले, खोका उघडला आणि पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. मग प्रश्न पडला: वर्ष संपेपर्यंत हिला ठेवायचं कुठे? आमचे मालक सगळे खण उघडून बघतात. फक्त पेशंटच्या डब्यांना ते हात लावत नाहीत, कारण डबा पडून साचा फुटला की दोष हात लावणाऱ्याचा.

इथे मला जी कल्पना सुचली ती आजही मला हुशारीचीच वाटते. आमच्याकडे प्रत्येक पेशंटचे दोन डबे असतात. एक वरच्या कवळीचा, एक खालच्या कवळीचा, पावाच्या लादीएवढे, वर नावाची चिठ्ठी. त्याच आठवड्यात बाबांचे दात करायचं काम मीच घेतलं होतं. वरची कवळी तयार होती. खालची हिरडी दुखत असल्यामुळे खालचं माप डॉक्टर पुढल्या आठवड्यात घेणार होते. म्हणजे बाबांचा खालचा डबा आठ दिवस रिकामा; पुढचं पुढे बघता येईल. सेनापती त्यात अगदी बेतशीर मावली. खाली कापूस, वर कापूस, बाहेर सासऱ्यांच्या नावाची चिठ्ठी. जावई सासऱ्यांच्या डब्याकडे दिवसातून चार वेळा बघतो याचं लॅबमध्ये सगळ्यांना कौतुकच वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी जेवून आलो तर फळीवरचे दोन्ही डबे गायब.

आमच्याकडे माल रवाना करायचं काम ज्या ताई बघतात त्यांना मी विचारलं, "ताई, इथला डबा?"

"दवाखान्यात गेला की. तुमच्याच सासऱ्यांचा ना? मुद्दाम पहिल्या फेरीत पाठवला."

"अहो, पण खालचं काम झालेलं नव्हतं!"

"मला काय माहीत? तुम्हीच मागच्या मीटिंगमध्ये नियम काढलात. एका पेशंटचं अर्धं काम पाठवायचं नाही, डॉक्टर लोक ओरडतात म्हणून. मी खालचा डबा हलवून बघितला. आत काहीतरी होतं. मग पाठवला."

नियम मीच काढला होता. एवढंच नाही, तो ठळक अक्षरांत लिहून ताईंच्या टेबलासमोर चिकटवलाही मीच होता. मी अंगातला पांढरा कोट न काढताच सायकल काढली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबा खुर्चीत आडवे होते. गळ्याशी कागदी रुमाल, वरची कवळी बसवलेली. खालच्या डब्याचं झाकण उघडं, कापूस इकडेतिकडे, आणि अवजारांच्या ट्रेमध्ये आरसा आणि चिमटा यांच्या मधोमध निळ्या केसांची सेनापती तलवारीला हात घालून उभी.

"बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाले. "हे खालच्या जबड्यात कसं बसवायचं, त्याचाच विचार करत होतो."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला खिडकी दिसली. स्वयंपाकघराची. ती दूर दूर चालली होती.

"तो नमुना आहे, डॉक्टर," मी म्हणालो.

"कसला नमुना?"

"मटेरियलचा. कवळीचं प्लास्टिक गार होताना आटतं ना. किती आटतं ते बघायला आम्ही असे नमुने ओततो. बारीक काम असलं की चटकन कळतं. हे बघा, बोटंसुद्धा पाच आहेत."

प्लास्टिक किती आटतं हे डॉक्टरांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण पेशंटसमोर लॅबवाल्याशी वाद घालायचा नाही अशी त्यांची पद्धत. ते हातमोजे काढून हात धुवायला गेले, आणि जरा जास्तच वेळ धूत राहिले.

बाबा मात्र उठून बसले. नमुना हा शब्द त्यांनी आयुष्यभर पोटापाण्यासाठी वापरला होता. त्यांनी सेनापतीला उचललं, उलटं केलं आणि चष्मा कपाळावर चढवून तळ वाचला.

"एकास दहा," ते म्हणाले. खालचे दात नसल्यामुळे शब्दाबरोबर थोडा वाराही आला. "म्हणजे मूळ वस्तूच्या एक दशांश. हे कोणी तपासलंय?"

"तपासायचं काय त्यात, बाबा. छापलंय ना."

हे बोललो आणि जीभ चावली. छापलंय म्हणून खरं मानायचं असतं, तर बाबांच्या खात्याची गरजच काय होती! त्यांनी रुमालात सेनापतीला व्यवस्थित गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

"मी घरी नेऊन मोजतो. लॅबला चुकीचा नमुना देत असतील तर लोकांचे दात चुकतील."

लोकांच्या दातांच्या आड मला येता येत नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं बाबांकडे गेलो. सेनापती त्यांच्या टेबलावर दिव्याखाली उभी होती. शेजारी पट्टी, धातूचा बारीक मापाचा कॅलिपर, भिंग आणि आकड्यांनी भरलेले दोन कागद. बायकोने आधी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"लॅबमधला नमुना आहे," मी म्हणालो.

"हो, बाबांनी फोनवर सांगितलं," ती म्हणाली.

"उंची बरोबर सोळा सेंटिमीटर," बाबा म्हणाले. "वाकलेला गुडघा मी हिशेबाने सरळ करून घेतलाय. पण मूळ व्यक्तीची उंची कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती कोण सांगणार?"

आता इथे गप्प बसायचं होतं. एखाद्या शहाण्या माणसाने छताकडे बघितलं असतं. पण ज्याला एखाद्या मालिकेचे एकशे दोन भाग पाठ आहेत, त्याच्यासमोर कोणी असा प्रश्न मोकळा सोडला, तर तो काय करील?

"एकशे अडुसष्ट," मी म्हणालो. "बूट धरून."

मग बाबांनी तो आकडा लिहून घेतला.

"लॅबमध्ये हे पण सांगतात वाटतं," बायको म्हणाली.

"माहितीपत्रकात होतं," मी म्हणालो, आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून सेनापतीच्या केसांवर बसलेली धूळ करंगळीने हळूच झाडली. नंतर चिलखताची. नंतर फुंकर मारली. बायको बघत होती.

बाबांनी भागाकार पूर्ण केला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. निवृत्तीनंतर मी त्यांना इतक्या आनंदात पहिल्यांदा बघत होतो.

"हे एकास दहा नाही, जावईबापू. एकास साडेदहा आहे. आठ मिलिमीटर मारलेत चोरांनी."

खरं सांगायचं तर मलाही राग आला. मी पूर्ण उंचीचे पैसे मोजले होते! पण तो राग मला दाखवता येत नव्हता. नमुन्यासाठी इतका राग येत नाही.

"कंपनीला लिहितो," बाबा म्हणाले. "तळाला नंबर आहेच."

"कशाला उगीच, बाबा. आठच मिलिमीटर तर आहेत."

"म्हणूनच तर आठच मिलिमीटर चोरतात," बाबा म्हणाले. त्यावर मी काही बोललो असतो तर चोरांच्या बाजूचा ठरलो असतो.

घरी परतताना बायको गप्प होती. मला वाटलं, सुटलो. मी इतका खूश झालो की वाटेत तिच्यासाठी फुलं घेतली. तिने ती घेतली आणि विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, काही नाही, सहज. तिने फुलांचा वास घेतला, मग पर्स उघडली. मला वाटलं पैसे काढतेय. तिने नकाशा काढला, नीट बघितला आणि परत ठेवून दिला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. म्हणजे मनापासून. पण तिकडे बाबांनी कंपनीला पत्र लिहायलाही घेतलं असणार.

मधल्या तीन आठवड्यांत मी बाबांची खालची कवळी बनवली. आजवर एकही कवळी बनवली नव्हती इतका जीव ओतून बनवली. अपराधी माणसाचं काम चोख असतं. डॉक्टरांनी बसवली तर पहिल्याच फटक्यात बसली, कुठे घासावंसुद्धा लागलं नाही.

वर्ष पुरं झालं त्या रविवारी आम्ही बँकेचं पासबुक घेऊन बाबांकडे गेलो. बाबांनी प्रत्येक नोंद बोटाने तपासली. शेवटी एकूण रकमेवर बोट ठेवून मान हलवली. रक्कम ठरल्याहून थोडी जास्तच होती. बायकोचा हात माझ्या हातात होता. नकाशा पर्समधून बाहेर आला होता.

"आता हे," बाबा म्हणाले, आणि खणातून एक लिफाफा काढून त्यांनी कंपनीचं पत्र वाचायला घेतलं. तेव्हा त्यांच्या तोंडात दोन्ही कवळ्या होत्या. एकेक अक्षर स्पष्ट ऐकू येत होतं. दात मीच बनवलेले.

"'महोदय, आपण दाखवलेली चूक आम्हाला मान्य आहे. मोजणीबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. हा नंबर ज्या ग्राहकाच्या नावे नोंदलेला आहे, त्यांना बदली नग पाठवण्यात येईल.' खाली ग्राहकाचं नाव आहे. पत्ता दातांच्या लॅबचा. तारीख मागच्या महिन्याची. किंमतही दिली आहे. वाचू?"

"नको," मी म्हणालो.

"वाचा, बाबा," बायको म्हणाली.

बाबांनी वाचली. बायकोने माझा हात सोडला. फार जोरात नाही, फक्त सोडला.

"तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"त्याच रविवारी. नमुन्याचे केस कोणी करंगळीने झाडतं का? मी वाट बघत होते, तू सांगतोस का म्हणून. फुलं आणलीस, पण सांगितलं नाहीस."

मी तिला म्हटलं, चुकलो. बाबांनाही म्हटलं. आणि ते खरंच मनापासून होतं, यावर कृपा करून विश्वास ठेवा, कारण यापुढे मी जे बोललो त्यावरून तसं वाटणार नाही.

"अट काय होती?" बाबा म्हणाले.

"तुमच्या घरात एकही नवी बाहुली येता कामा नये," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला. "पण बाबा, ती घरात आलीच नाही! लॅबमध्ये आली, तिथून दवाखान्यात गेली, तिथून तुमच्याकडे. आमच्या घराचा उंबरठा तिने पाहिलेला नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. बाबा मात्र विचारात पडले. शब्दाला शब्द लावून बघणं हा त्यांचा धर्म. त्यांनी अट मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अटीप्रमाणे शब्द रद्द होत नाही. मी देणार."

माझ्या जिवात जीव आला. त्यांनी चेकबुक काढलं, आकडा लिहिला, सही केली आणि चेक माझ्यासमोर सरकवला. मी वाचला. पुन्हा वाचला.

"बाबा, एक शून्य कमी पडलंय."

"नाही पडलेलं. देईन म्हटलं होतं, देतोय. कोणत्या मापाने, ते आता मी ठरवणार. तुम्हाला जे माप इतकं आवडतं, त्याच मापाने. एकास दहा."

बायको हसली. त्या सबंध महिन्यात पहिल्यांदा हसली, आणि ते बघून मला बरं वाटलं असतं, पण माझं लक्ष चेकवर होतं. खिडकीचा दहावा हिस्सा म्हणजे फार तर एक गज. मी चेक हातात धरला आणि डोकं चालवायला लागलो. एकदा चाललं होतं, पुन्हा का चालणार नाही?

"पण बाबा," मी म्हणालो, "ती एकास दहा नाहीच. तुम्हीच मोजलंत. कंपनीनेसुद्धा लेखी कबूल केलंय. मग या चेकला आधार काय?"

बायको पुटपुटली, "अरे, गप्प बस."

बाबांनी चष्मा खाली घेतला. पत्र वाचलं. स्वतःचे दोन कागद वाचले. मग माझ्या हातातून चेक काढून घेऊन त्याचे शांतपणे चार तुकडे केले. वाटलं, जमलं. त्यांनी दुसरा चेक काढला, कागदावर एक भागाकार केला, तो उलटा गुणून तपासला, आणि लिहायला लागले.

"साडेदहा," सही करता करता ते म्हणाले. "चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे, जावईबापू."